चौथी फाइल: सांगलीत बसून एक बोल्ड इटॅलिक पूर्ण करताना

ट्रेडमार्कचं प्रमाणपत्र मे 2025 मध्ये आलं आणि माझ्या फॉण्टचं काम एकदाचं कागदोपत्री संपलं. फॉण्टचं नाव इथे देत नाही, नाहीतर ही जाहिरात व्हायची. पण इंग्रजी सेरिफ फॉण्टचं बोल्ड इटॅलिक, म्हणजे जाड आणि तिरकं अक्षर, स्वतः कसं काढायचं, पुढे त्याची कागदपत्रं कशी करायची, याबद्दल मी शोधत होते तेव्हा मराठीत हाताला काही लागलं नव्हतं. म्हणून तारखा, खर्च, वाट बघणं, सगळं लिहून ठेवते. ज्यांना या भानगडीत पडायचंय त्यांना उपयोगी पडेल.

विश्रामबागला माझं डीटीपीचं काम आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, बेदाणा आणि हळदीची लेबलं. लॉकडाऊनमध्ये काम थंडावलं तेव्हा फॉण्टफोर्ज हे फुकट सॉफ्टवेअर उतरवून घेतलं आणि स्वतःचा एक इंग्रजी सेरिफ फॉण्ट काढायला घेतला. सेरिफ म्हणजे अक्षराच्या टोकांना बारीक पट्ट्या असलेला, वर्तमानपत्री वळणाचा. आधी साधा, मग बोल्ड, मग 2023 मध्ये इटॅलिक. तीन फाइली झाल्या. चौथी, म्हणजे जाड आणि तिरकी दोन्ही, मी सरळ सोडून दिली होती. लागतंय कुणाला ते?

लागलं हळदीला. फेब्रुवारी 2024 मध्ये नव्या हळदीचे सौदे सुरू असताना मार्केट यार्डातले एक निर्यातदार आले. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाल्यापासून लेबलावर इंग्रजी मजकूर नीट हवा, असं म्हणणारे वाढलेत. त्यांच्या लेबलावर जाड अक्षरात मथळा होता आणि मथळ्यातच हळदीचं शास्त्रीय नाव, कर्क्युमा लोंगा. वनस्पतीचं शास्त्रीय नाव इटॅलिकमध्ये लिहायची पद्धत आहे. बाकीचा मथळा जाड, त्यामुळे हे दोन शब्द जाड आणि तिरके दोन्ही व्हायला हवेत. माझ्याकडे ती फाइल नाही म्हटल्यावर सॉफ्टवेअरनं बोल्ड अक्षरं नुसती उजवीकडे ढकलून दिली. शेठनी प्रूफ हातात धरून लांब केलं. "ताई, बाकी झ्याक हाय. हे दोन शब्द पडल्यासारखं का दिसाय लागल्यात?"

त्यांना कारण सांगता आलं नसतं, पण डोळा बरोबर होता.

गावभागातल्या एका छापखान्यात माझी बरीच कामं छापून होतात. तिथले काका ऑफसेट यायच्या आधी जुळारी होते, खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवण्यात उमेदीची वर्षं गेलेली. त्यांना विचारलं, तुमच्या काळी इंग्रजी बोल्ड इटॅलिक लागलं तर काय करायचात? ते म्हणाले, "पोरी, त्याची केसच, म्हणजे खिळ्यांची पेटीच, नव्हती. चार शब्दांसाठी एवढं शिसं कोण इकत घेणार? जाड लावायचं नाहीतर तिरकं लावायचं. दोन्ही मागणाऱ्याला मालक हात जोडायचा."

काकांच्या मालकाचं चुकलं नव्हतं. इटॅलिक तसं जुनं: व्हेनिसमध्ये आल्डस मानुशियस या प्रकाशकासाठी फ्रान्चेस्को ग्रिफोनं कोरलं आणि 1501 मध्ये व्हर्जिलची कविता त्यात छापली. पण तेव्हा ते कुणाचं जोडीदार नव्हतं, अख्खं पुस्तकच त्यात छापायचे. साध्या अक्षराच्या शेजारी ठेवायला म्हणून मुद्दाम जाड केलेलं अक्षर यायला 1845 उजाडलं. लंडनच्या फॅन स्ट्रीट फाउंड्रीत, म्हणजे खिळे ओतायच्या कारखान्यात, रॉबर्ट बेस्लीनं क्लॅरेंडन हे अक्षर काढलं. त्यानं ते डिझाइन म्हणून नोंदवलंही होतं. संरक्षण मिळालं तीन वर्षांचं, आणि ते संपताच बाकीच्या फाउंड्र्यांनी नकला काढल्या. साधं, इटॅलिक, बोल्ड आणि बोल्ड इटॅलिक असं चौघांचं कुटुंब हा प्रकार त्याहूनही अलीकडचा. आज वर्डमध्ये बी आणि आय ही दोन बटणं शेजारी शेजारी आहेत, म्हणून आपल्याला वाटतं चौथं अक्षर आपोआपच तयार होतं.

ते आपोआप होत नाही. मार्चमध्ये मी स्वतःचं बोल्ड घेऊन सॉफ्टवेअरमध्ये 12 अंश तिरकं केलं आणि मोठं छापून भिंतीला लावलं. हा प्रयोग प्रत्येकानं करावा, फुकटात बरंच शिकायला मिळतं. सगळ्यात आधी स्मॉल ओ बघा. सरळ असताना दोन्ही बाजू सारख्या जाड असतात. ढकलल्यावर वरचा उजवा आणि खालचा डावा भाग सुजतो, कोपर काढल्यासारखा बाहेर येतो. उरलेले दोन कोपरे वाळतात. साध्या वजनात हे खपून जातं. बोल्डमध्ये आधीच शाई जास्त, त्यामुळे ओ ठेचाळल्यासारखा दिसतो. उभ्या दांड्यांचं उलटं होतं. आडवी मोजली तर जाडी तेवढीच, पण दांडीला काटकोनात मोजली तर सुमारे दोन टक्के कमी भरते. आणि मुख्य म्हणजे ही अक्षरं इटॅलिक नव्हतीच. खऱ्या इटॅलिकमध्ये स्मॉल ए एकमजली होतो, स्मॉल एफला खाली शेपूट येतं, पायाच्या सपाट पट्ट्या जाऊन तिथे लेखणी उचलल्यासारखा झोका येतो. ढकललेल्या बोल्डच्या पायात बूट तसेच राहतात.

दुसरा रस्ता म्हणजे इटॅलिक घेऊन ते फुगवणं. फॉण्टफोर्जमध्ये त्याची सोय आहे. त्यात अक्षरांची पोटं बुजतात. स्मॉल ईचा वरचा डोळा तर बंदच होतो.

म्हणून एप्रिलपासून अक्षर अन् अक्षर नव्यानं काढलं. शेजारी बोल्ड आणि इटॅलिक उघडून ठेवायचे: रंग एकाचा घ्यायचा, हाडं दुसऱ्याची. बोल्डची दांडी हजार युनिटच्या चौकटीत 152 युनिट होती. बोल्ड इटॅलिकची मी 140 ठेवली, कारण इटॅलिक अक्षरं मुळातच अरुंद असतात. अरुंद जागेत तेवढीच जाडी कोंबली तर ओळ काळी दिसते. कागदावर दोन्ही शेजारी ठेवल्यावर वजन सारखं वाटलं पाहिजे, आकडा सारखा नसला तरी चालतो. हे पटायला मला वेळ लागला, कारण मी हिशेबी माणूस.

सगळ्यात जास्त घाम काढला तो स्मॉल एननं. कमान दांडीतून फुटते त्या बेचक्यात. साध्या इटॅलिकमध्ये कमान दांडीच्या बरीच खालून, लेखणीच्या वळणानं बाहेर पडते, तेच तिचं सौंदर्य. बोल्डमध्ये तसं केलं की बेचकं भरून काळा ठिपका होतो. कमान वर उचलली की ते इटॅलिक वाटेना. शेवटी कमान फुटते तिथे ती मुद्दाम बारीक केली आणि आत एक खोल चीर ठेवली. स्क्रीनवर ती चीर विचित्र दिसते, छपाईत शाई पसरून बुजते. मॅथ्यू कार्टर या फॉण्ट काढणाऱ्यानं 1978 च्या बेल सेंटेनियल या फॉण्टमध्ये, अमेरिकेतल्या टेलिफोन डिरेक्टरीसाठी, हेच केलं होतं. खराब कागदावर, बारीक अक्षरात, शाईला बसायला जागा. एन जमला की एम, एच, यू, आर निम्मे होतातच, म्हणून सुरुवात एनपासून करा, एपासून नको.

आणि रुपयाचं चिन्ह. भारतात लेबल म्हटलं की ते लागणारच. 15 जुलै 2010 ला सरकारनं स्वीकारलेलं उदय कुमार यांचं ते चिन्ह सरळ आणि साध्या वजनात छान बसतं. जाड केलं की वरच्या दोन आडव्या रेघांमधली फट बुजते. तिरकं केलं की खाली उजवीकडे जाणारा पाय उभा होतो आणि उगाच जाड दिसतो. दोन्ही एकदम केलं तर ते रुपयाचं चिन्ह न राहता डाग होतो. मी रेघा इतर आडव्या भागांपेक्षा बारीक केल्या, त्यांची टोकं 12 अंशातच कापली आणि पाय पुन्हा बाहेर ओढून बारीक केला. 'किंमत' या शब्दापुढे एवढंसं चिन्ह असतं, कुणी बघतही नाही. पण बिघडलं तर गिऱ्हाईक पहिला तेच बघतं.

जुलै-ऑगस्ट वाट बघण्यात गेले. कृष्णा वाढायला लागली की गावभागातले लोक आयर्विन पुलाजवळची पातळी मोबाइलवर बघत बसतात. 40 फूट इशारा, 45 धोका. 2019 चा महापूर आठवतो सगळ्यांना. छापखान्यातली कागदाची रिमं वरच्या मजल्यावर गेली आणि माझ्या प्रूफांचा नंबर मागे पडला. त्या काळात अंतरांचं काम केलं, म्हणजे कोणत्या अक्षरानंतर किती जागा. त्याबद्दल लिहिण्यासारखं फार नाही, कंटाळवाणं आणि लांबलचक काम आहे. एवढंच सांगते की स्मॉल एफनंतर येणारा सरळ कंस आणि उद्गारचिन्ह जरूर तपासा. तिरक्याचं डोकं सरळच्या छातीत घुसतं.

सप्टेंबरात छपाई चाचणी केली. एकच मजकूर लेबलाच्या चकचकीत कागदावर आणि खोक्याच्या ब्राउन कागदावर, 6 पॉइंटपासून वर. दुसऱ्याच्या प्लेटवरची मोकळी जागा काकांनी दिली, म्हणून मला 1,200 रुपयांत पडलं. स्वतंत्र प्लेट काढायला सांगू नका, थोडं थांबा आणि अशी जागा मागा. चकचकीत कागदावर 6 पॉइंटपर्यंत सगळं वाचता आलं. ब्राउनवर 8 च्या खाली ईचा डोळा गेला, तो मी नंतर मोठा केला. काकांनी भिंग लावून बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "आता दोन भाऊ वाटाय लागलेत." आमच्याकडे याला कौतुक म्हणतात.

फाइल तयार करताना जे तपासावं लागतं ते तांत्रिक आहे, पण कामाचं. फॉण्टफोर्जच्या फॉण्ट इन्फोमध्ये इटॅलिक अँगल उणे लिहायचा, म्हणजे उजवीकडे झुकलेल्यासाठी उणे 12. ओएस/2 च्या भागात वजन 700, आणि स्टाइल मॅपमध्ये बोल्ड इटॅलिक निवडायचं. चारही फाइलींचं कुटुंबाचं नाव अक्षरशः एकच हवं. हे जुळलं तरच वर्डमध्ये बी आणि आय दाबल्यावर तुमची खरी फाइल येते, नाहीतर वर्ड स्वतःचं बनावट जाडं-तिरकं करतं आणि तुम्हाला कळतही नाही. ओळखायची खूण म्हणजे स्मॉल ए. दुमजली दिसला की बनावट. फाइल तिरकी केल्यावर वळणांच्या टोकांवरचे पॉइंट सरकतात, तेव्हा व्हॅलिडेट ही तपासणी चालवून ते परत टोकावर आणायचे. एम्बेडिंगची परवानगी खुली ठेवा. पीडीएफमध्ये फॉण्ट जात नाही म्हटलं की छापखानेवाले तुमचा फॉण्ट परत वापरत नाहीत.

आता कागदपत्रं. फॉण्टच्या चित्राला, म्हणजे अक्षरांच्या रूपाला, भारतात कॉपीराइट मिळवणं अवघड आहे. आनंद एक्स्पांडेड इटॅलिक्स नावाच्या टाइपफेसची नोंदणी 2002 मध्ये कॉपीराइट बोर्डानं नाकारली होती. नेमकं इटॅलिकच होतं ते! मी त्या वाटेला गेले नाही. नावाचा ट्रेडमार्क मात्र घेता येतो.

त्यासाठी आयपी इंडियाच्या, म्हणजे ट्रेडमार्क नोंदवणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या, साइटवर पब्लिक सर्चमध्ये नाव शोधायचं. डाउनलोड करायचे फॉण्ट वर्ग 9 मध्ये येतात. फक्त तेच स्पेलिंग शोधू नका, उच्चारानंही शोधा, तशी सोय आहे. माझी पहिली दोन आवडती नावं तिथेच गळली. जून 2024 मध्ये, फॉण्ट अजून अर्धा असतानाच, टीएम-ए हा अर्ज ऑनलाइन भरला. 'वापरण्याचा प्रस्ताव' हा पर्याय निवडला की आधीपासून वापर असल्याचं प्रतिज्ञापत्र लागत नाही. व्यक्तीसाठी ऑनलाइन फी 4,500 रुपये, कागदी अर्जाला 5,000. डिजिटल सिग्नेचर घ्यावी लागली, ती दोन हजारांच्या आत मिळाली. महाराष्ट्राचे अर्ज मुंबईच्या रजिस्ट्रीकडे जातात, पण मला मुंबईला जावं लागलं नाही.

अर्ज भरल्यावर तुमचा पत्ता सगळ्यांना दिसतो, त्यामुळे "मॅडम, तुमचा अर्ज अडकलाय, आम्ही सोडवतो" असे फोन सुरू होतात. उचलू नका. स्थिती स्वतः साइटवर बघा. आधी फॉर्मॅलिटीज चेक पास, मग मार्क्ड फॉर एक्झाम. सप्टेंबरात तिथे ऑब्जेक्टेड असं दिसलं आणि पोटात गोळा आला. उगाच आला. बऱ्याच अर्जांवर परीक्षण अहवाल येतो. माझ्या अहवालात वर्ग 9 मधलं एक मिळतंजुळतं नाव दाखवलं होतं. ते मोबाइलच्या चार्जरचं होतं. अहवाल मिळाल्यापासून एक महिन्यात उत्तर द्यावं लागतं. वस्तू वेगळी, गिऱ्हाईक वेगळं, उच्चारात फरक, असं दीड पानाचं साधं उत्तर मीच लिहिलं. ओळखीच्या वकील ताईंनी वाचून दिलं, पैसे घेतले नाहीत. डिसेंबरमध्ये नाव ट्रेडमार्कच्या सरकारी जर्नलमध्ये छापलं गेलं. तिथून चार महिने कुणालाही विरोध नोंदवता येतो. कुणी नोंदवला नाही, आणि मे महिन्यात प्रमाणपत्र ईमेलनं आलं. दहा वर्षांसाठी. तोपर्यंत नावापुढे टीएम लावता येतं. गोलातला आर नोंदणी झाल्याशिवाय लावू नका, ते बेकायदेशीर आहे.

विक्रीसाठी परदेशी बाजारपेठेत खातं काढलं ते नोव्हेंबर 2024 मध्ये. अमेरिकी कंपनी असली की डब्ल्यू-8बेन हा करासाठीचा अमेरिकी फॉर्म भरावा लागतो. घाबरण्यासारखं त्यात काही नाही. नाव पॅनकार्डावर आहे तसंच, परदेशी कर क्रमांकाच्या रकान्यात पॅन, आणि भाग दोनमध्ये भारत-अमेरिका कर कराराचं कलम 12, रॉयल्टी, 15 टक्के. हा भाग रिकामा सोडला तर अमेरिकेत 30 टक्के कापतात. तारीख अमेरिकी पद्धतीनं, आधी महिना मग दिवस. डिसेंबर 2024 मध्ये सही केलेला माझा फॉर्म 31 डिसेंबर 2027 पर्यंत चालेल, पुढे पुन्हा भरायचा. तिकडे कापलेल्या कराचं श्रेय इकडे घ्यायला रिटर्नसोबत तेव्हा फॉर्म 67 लागला, तो सीएंकडून करून घेतला. उलाढाल 20 लाखांच्या आत असल्यानं जीएसटी नोंदणी लागली नाही. बँकेत मात्र वेळ गेला. शाखेला स्वतःचा स्विफ्ट कोड, म्हणजे परदेशातून पैसे यायला लागणारा बँकेचा क्रमांक, नव्हता, मुख्य शाखेचा घ्यावा लागला. पैसे आले की परकीय जमा झाल्याचं पत्र मागून ठेवा, सीए पहिलं तेच मागतात.

जानेवारी 2025 पासून चारही फाइली विक्रीला आहेत. पहिल्या तिमाहीत आलेले पैसे ट्रेडमार्कच्या फीपेक्षा थोडे कमीच होते. ज्यांना पोटासाठी हे करायचंय त्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

वापराबद्दल थोडं, कारण पत्रिकेचं काम घेऊन येणारी मंडळी मला रोज हेच विचारतात. बोल्ड इटॅलिक अख्ख्या परिच्छेदाला लावायचं अक्षर नाही. जाड मथळ्यातलं शास्त्रीय नाव, जाड मथळ्यातलं पुस्तकाचं किंवा नाटकाचं इंग्रजी नाव, सूचनेतला एखादा शब्द, एवढीच त्याची जागा. जाड, तिरकं, वर अधोरेखित आणि लाल असं मागणारे येतात, त्यांना मी आधी चहा देते. आणि मराठी मजकूर तिरका करू नका. काही देवनागरी फॉण्टांत बोल्ड इटॅलिक फाइल असते, विंडोजमधल्या कोकिळात आहे. पण शिरोरेघ आडवीच राहते आणि काने तेवढे झुकतात, मला ते वाऱ्यात वाकलेल्या मांडवासारखं दिसतं. मराठीत नाटकाचं नाव एकेरी अवतरणात घालायची आपली पद्धत पुरेशी चांगली आहे.

हळदीचं लेबल 2025 च्या मार्चमध्ये नव्या फाइलवर छापलं. शेठनी प्रूफ पुन्हा लांब धरलं, मान हलवली आणि विचारलं, हेच बेदाण्याच्या खोक्यावर किती रुपयांत बसवून द्याल.